दोरातला हिरवा उजेड

पहिल्यांदा वृषालीला वाटलं, यंत्रच बिघडलंय.

तिने दोराभोवती बसवलेलं कडं उघडलं, आतल्या भिंगांवरून मऊ फडकं फिरवलं, कडं पुन्हा मिटलं आणि काचेपलीकडे बसलेल्या भावाला हात केला. "परत एकदा, दादा. सावकाश घे."

हणमंत शेलारने लिव्हर पुढे ढकलला. मोठं आडवं चाक फिरू लागलं आणि मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र दोर कड्यातून सरकत उघड्यावर निघून गेला. धरणाच्या फुगवट्यावरून नऊशे मीटर पलीकडे, सावरघळच्या ठाण्यातल्या चाकाला वळसा घालून तो परत येणार होता. मध्ये एकही मनोरा नव्हता. पोलादी दोर स्वतःच्याच वजनाने खाली झोळ खाऊन पाण्याला टेकला असता. हा पॉलिमरचा दोर पोलादापेक्षा बळकट आणि आठपट हलका होता, म्हणूनच सात वर्षांपूर्वी इथे दोरावरून माणसं नेणारा पाळणा होऊ शकला. त्याआधी सावरघळच्या लोकांना लाँचशिवाय दुसरी वाट नव्हती, आणि उन्हाळ्यात पाणी हटलं की लाँचही चिखलात रुतून बसायची.

वृषाली याच गावची. आता ती राज्याच्या दोरमार्ग सुरक्षा मंडळात तपासनीस होती. राज्यात असे बत्तीस पॉलिमर-दोर चालू होते आणि ते तपासण्यासाठी मंडळाने यंदाच हे नवं यंत्र घेतलं होतं. आज सोमवार, मे महिन्याचा तिसरा आठवडा. तिने माहेरचा दोर मुद्दाम स्वतःकडे मागून घेतला होता. काम झालं की पलीकडे जाऊन वहिनीच्या हातची आंबोळी खायची, असा बेत होता.

यंत्राचं तत्त्व सोपं होतं. काही पदार्थांवर डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश टाकला, की ते तो गिळतात आणि लगेच दुसऱ्याच, दिसणाऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. साबणाच्या पावडरीने धुतलेला सदरा जंबुपार दिव्याखाली निळा चमकतो तो यामुळेच. कड्याच्या आत चोवीस बारीक जंबुपार दिवे होते. दोरातून परत येणारा फिकट उजेड काचतंतूंतून एका पेटीत जायचा, आणि पेटीतला वर्णपटमापक त्यातला प्रत्येक रंग वेगळा करून मोजायचा.

त्यावरून दोराच्या पोटात काय चाललंय ते कळायचं. पॉलिमरचा धागा म्हणजे लाखो रेणूंनी हाताला हात धरून केलेली लांबच लांब साखळी. धाग्याची ताकद त्या लांबीत असते. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन या साखळ्या तोडायला टपलेले असतात, म्हणून कारखान्यातच धाग्यात एक रक्षक द्रव्य मुरवतात. सगळा मारा ते स्वतःवर घेतं. ते शिल्लक आहे तोवर दोर वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. ते संपलं की मात्र एक तुटलेली साखळी शेजारच्या दोन तोडते, त्या दोन चार तोडतात. जंबुपार प्रकाशात हे रक्षक द्रव्य निळं चमकतं. साखळी तुटून जिथे ऑक्सिजन चिकटतो, तिथून हिरवा उजेड येतो. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

दुसरी फेरी पूर्ण झाली. वृषालीने पडद्यावरचा आलेख बघितला. आलेखात निळ्या उजेडाची टेकडी असायला हवी होती, तिथे जवळजवळ सपाट माळ होता. सगळ्या दोरभर तीच गत. आणि एका ठिकाणी, चार मीटरच्या तुकड्यात, हिरव्याचा सुळका पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता.

आज सकाळी सात वाजता, ती येण्याआधी, शाळेची सव्वीस मुलं शिबिरासाठी याच दोरावरून गेली होती.

"काय म्हणतोय तुझा उजेड?" हणमंत चहाचे दोन पेले घेऊन आला. चव्वेचाळीस वर्षांचा, दणकट माणूस. पाळणा सुरू झाला त्या दिवसापासून तो या ठाण्याचा चालक होता, आणि दोराची तो घरच्या जनावरासारखी निगा राखायचा. "अक्ख्या राज्यात इतका देखणा दोर दावून दे मला."

"दादा, दोर इतका पांढरा कसा राहतो?"

हणमंत खुलला. "अगं, पहिल्या पावसाळ्यात कसलं शेवाळ धरलं व्हतं! चाकावरनं घसराय लागला. मग मी हे कुंड केलं." त्याने चाकाच्या अलीकडे, दोराच्या उजव्या पदराखाली बसवलेलं चार मीटर लांबीचं पत्र्याचं कुंड दाखवलं. आत दोन्ही बाजूंनी ब्रश होते. "दर रविवारी पाळणा बंद असतो. पाणी नि ब्लीचिंग पावडर टाकायची, दोर ह्यातनं फिरवायचा. संध्याकाळी थांबवला की तसाच ऱ्हाऊ द्यायचा सोमवारपातुर. पुण्याचे साहेब आले व्हते, कुंडासकट माझा फोटू काढून नेला."

"सगळ्या रविवारी?"

"सात वर्सांत एक चुकवला न्हाई."

वृषालीने पेला खाली ठेवला. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन जंतू मारतो, शेवाळ मारतो, आणि पॉलिमरमधलं रक्षक द्रव्यही तसंच खाऊन टाकतो. थांबताना दोर नेहमी एकाच खुणेवर थांबे. म्हणजे तोच चार मीटरचा तुकडा साडेतीनशेहून जास्त रविवारी रात्रभर त्या पाण्यात भिजत पडला होता.

हे ती बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "दादा, पाळणा बंद करावा लागेल. आत्ताच."

"म्हंजे?"

"दोर संपलाय."

हणमंत आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. "नोव्हेंबरात ताणचाचणी पास झालीया. सर्टिफिकेट लावलंय भिंतीवर. डोळ्यांनी बघ की, एक धागा सुटलेला न्हाई!"

"चाचणीला टोकाचा तुकडा कापून नेला होता, कुंडातला नाही. आणि हे असंच असतं. शेवटपर्यंत काही दिसत नाही, ताकदही फारशी उतरत नाही. मग एकदम उतरते."

"कवा?"

"तेच तर कळत नाही. आज, किंवा महिन्याने. पण आता यावर माणूस चढवायचा नाही."

तिने लिव्हरला लाल सील लावलं तेव्हा फलाटावर पाच-सहा माणसं पाळण्याची वाट बघत उभी होती. कुणीतरी म्हणालं, "घरची पोर, आन् आमच्याच गळ्याला फास!" तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भावाने मात्र मान खाली घातली, आणि त्याचं तिला जास्त लागलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पलीकडच्या ठाण्यावरून फोन आला. तिथे ज्ञानू ढेबे होता. अठ्ठावन्न वर्षांचा धनगर, दोराला पाळणा अडकवण्यात आणि सोडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोनवर त्याचा आवाज फाटला होता.

"हणमंता, राजश्रीला गव्यानं उडवलं. करवंदीच्या जाळीत व्हता. वर उचलून टाकली."

राजश्री हणमंतची बायको. हणमंतच्या हातातून वृषालीने फोन घेतला. तोवर पलीकडे आरोग्य उपकेंद्रातली नर्स बोलू लागली होती. तरुण आवाज, पण घाबरून भराभरा बोलणारी नव्हती. जखम बाहेरून फारशी नाही. पोट मात्र फुगत चाललंय, रक्तदाब उतरतोय. आत रक्तस्राव आहे, बहुतेक प्लीहा फाटली असावी. सलाईन चालू आहे. "ताई, दोन तासांत ऑपरेशन टेबलावर हवी. जास्तीत जास्त अडीच."

जंगलातून डोलीने आणायचं तर सहा तास. पाणी हटलेलं, काठाला तीनशे मीटर चिखल, लाँच निरुपयोगी. हवाई रुग्णवाहिका एका अपघातावर गेली होती, चार तासांआधी मोकळी होणार नव्हती. अलीकडच्या काठावर, रस्त्याने पंचवीस मिनिटांवर, तालुक्याचं रुग्णालय होतं. मध्ये हा दोर.

वृषालीने मुंबईला आपल्या वरिष्ठांना फोन केला, आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत आहे. सील काढायचा अधिकार फक्त जागेवरच्या तपासनीसाला असतो."

"सर, तुम्ही काय केलं असतं?"

"मी तिथे नाही, वृषाली," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकेची भावना होती ती लपली नाही.

ती वळली तर हणमंत सीलसमोर उभा होता. त्याने सील तोडलं नव्हतं. तो नुसता त्याच्याकडे बघत होता.

"वृषे," तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

त्याने आरडाओरडा केला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिने पडद्यावरचा आलेख पुन्हा समोर आणला. उरलेली ताकद किती, याचा अंदाज यंत्र देत होतं: पूर्ण ताकदीच्या पंधरा ते पंचावन्न टक्के. पंचावन्न असेल तर पाळणा सहज येईल. पंधरा असेल तर रिकामा पाळणासुद्धा पेलणार नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी तिची वहिनी होती.

"मला वहिनीशी बोलायचंय," ती म्हणाली.

नर्सने फोन राजश्रीच्या कानाशी धरला. श्वास आखूड, शब्द सुटे सुटे.

"वन्सं... ज्ञानूतात्या म्हंत्यात, दोर बंद क्येला तुमी. खराब हाय?"

"हो वहिनी. खराब आहे."

"तुटंल?"

खोटं बोलणं अगदी जवळ होतं, जिभेवरच. "तुटू शकतो. तुटेलच असं नाही. मला खरंच सांगता येत नाही."

राजश्री धाप टाकत म्हणाली, "हितं ऱ्हायले तर मरनारच की. तुमी तिकडं बघाय हाय न्हवं? मग घ्या मला."

वृषालीने सील काढलं.

त्यानंतर तिला भीती वाटायला वेळ मिळाला नाही, निदान पंधरा मिनिटं तरी. तिने कागदावर दोराची आकृती काढली. दोर म्हणजे लांबट वळसा, एक पदर उजवा, एक डावा. वाईट तुकडा आत्ता कुंडात, उजव्या पदरावर, चाकापासून थोड्याच अंतरावर होता. तुकड्याला सगळ्यात मोठा धोका ताणाचा नव्हता, वाकण्याचा होता. चाकावर वळताना बाहेरचे धागे ताणले जातात, आतले चुरगळतात. रोजच्यासारखा पाळणा उजव्या पदराला लावला असता, तर दोर फिरताच तो तुकडा इथल्या चाकावर चढला असता.

"पाळणा डाव्या पदराला लावा, तात्या," तिने ज्ञानूला सांगितलं. "म्हणजे दोर उलटा फिरेल. वाईट तुकडा चाकापासून लांब, पाण्यावर जाईल आणि तुमच्या बाजूला येईल. तो तुमच्या चाकाला टेकायच्या आत आपण थांबायचं."

"आन् पाळणा? पोचंल का फलाटाला?"

"अकरा मीटर कमी पडतील. तिथे खाली उतार आहे, पाळणा जमिनीपासून सहा मीटरवर राहील. आम्ही शिडी लावून उतरवून घेऊ."

"वजन किती चालंल?"

"जितकं कमी तितकं बरं."

ज्ञानूने पाना घेतला आणि पाळण्यातली आठही आसनं उचकटून काढली. मग दार काढलं. मग खिडक्यांच्या काचा. स्ट्रेचरवर राजश्री, आणि तिच्याजवळ सलाईनची बाटली धरून फक्त नर्स. नर्सला येऊ नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "बाटली कोण धरणार?" आणि आत चढली.

अलीकडे फलाटावरची तीच पाच-सहा माणसं खाली उतारावर गेली. रुग्णवाहिका आली होती. शिडी, दोरखंड, ताडपत्री, सगळं गोळा झालं. मघाशी टोमणा मारणारा माणूसच शिडीचं पायथ्याचं टोक पोटाशी धरून उभा होता.

बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना हणमंतने लिव्हर अगदी हलके ढकलला. रोज पाळणा चार मिनिटांत यायचा. आज चौदा मिनिटं ठरली होती, कारण हिसका बसता कामा नये. कुंडाचे ब्रश काढले होते. वाईट तुकडा कुंडातून उचलला गेला, कड्यातून सरकला. पडद्यावर हिरवा सुळका उठला आणि तुकडा उन्हात निघून गेला.

आता तो वृषालीच्या उजेडाच्या बाहेर होता. यापुढे कड्यातून फक्त बाकीचा दोर जाणार होता, आणि त्यातून तिला त्या चार मीटरचं काहीही कळणार नव्हतं.

"शंभर," ती म्हणाली. पाळणा पलीकडच्या काठावरून सुटून चिखलावर आला होता. इतक्या लांबून तो काडेपेटीएवढा दिसत होता.

"दोनशे."

हणमंतचा हात लिव्हरवर होता आणि नजर समोर. दुसऱ्या हाताने तो मांडी घट्ट आवळत होता. वजनपेटी, म्हणजे दोर ताणून धरणारं लोखंडी ओझं, खोलीच्या मागच्या खाचेत स्थिर लोंबत होती. तिच्या बाजूला पट्टी होती. पट्टीवरचा काटा हलला तर दोराची लांबी बदलली असा अर्थ.

"तीनशे."

"वृषे."

"हं."

"धुन्यानंच झालं का हे?"

"साडेतीनशे," ती म्हणाली.

"तू मघा इचारलंस, दोर इतका पांढरा कसा. तवाच तुझं तोंड उतरलं." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "माझ्याच हातनं झालं न्हवं?"

"दादा, लिव्हर बघ."

"मी बघतोयच. तू सांग."

"हो," ती म्हणाली. "ब्लीचिंगनं."

त्याचा हात हलला नाही. चारशे मीटर झाले. पाळणा आता बरोबर मध्याकडे येत होता, खाली तीस मीटरवर गढूळ हिरवं पाणी. त्याच वेळी पलीकडच्या पदरावर, उलट दिशेने, तो चार मीटरचा तुकडाही मध्यावर आला होता. झोळ तिथेच सगळ्यात जास्त होता. वाऱ्याने दोर तिथेच सगळ्यात जास्त हलतो.

"साडेपाचशे."

चाकातून एक कंप आला. आवाज नव्हता, पायाखालची फरशी शहारल्यासारखी झाली. वजनपेटी चार बोटं खाली बसली आणि काटा सरकून थांबला. लांबवर पाळण्याने एक गचका खाल्ला. उघड्या दारातून काहीतरी पांढरं खाली पडलं आणि पाण्यावर गेलं. कापड असावं.

हणमंतचा हात आपोआप लिव्हर मागे ओढू लागला.

"थांबवू नको!" वृषाली ओरडली.

"तुटतोय! तुटतोय त्यो!"

"एक पेड गेला. बारातला एक. थांबवलास तर हिसका बसेल, बाकीचे जातील. आहे तसंच चालू दे. दादा, आहे तसंच!"

हे खरं आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती. तिने ते इतक्या ठामपणे म्हटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. हणमंतने हात जिथे होता तिथे धरून ठेवला. चाक फिरत राहिलं. फोनवर नर्सचा आवाज आला, आता मात्र रडवेला: "ताई, काय झालं? ताई?"

"काही नाही. दोर जरा बसला. वहिनी कशा आहेत?"

"शुद्धीवर आहेत. डोळे मिटून घेतलेत."

"तुम्हीही मिटा," वृषाली म्हणाली.

सातशे मीटरवर काटा पुन्हा हलला. या वेळी दोन बोटं. हणमंत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. तिला वाटलं देवाचं नाव, पण तो आकडे मोजत होता. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. फोनच्या दुसऱ्या लाइनवर ज्ञानू ओरडला, "दिसाय लागला तुकडा! वृषाबाई, अगं पिंजलाय त्यो! मांजराच्या शेपटीवानी धागं हुबं ऱ्हायल्यात!"

"चाकापासून किती लांब?"

"शंभर... नव्वद मीटर."

"दहा-दहाने सांगत राहा."

ज्ञानू सांगत राहिला. इकडे पाळणा काठावर आला, चिखलावरून पुढे सरकला, उताराच्या वर आला. आता आतली माणसं दिसत होती. नर्स गुडघ्यांवर बसली होती, हात बाटलीसाठी वर. "वीस," ज्ञानू म्हणाला. "दहा. धा मीटर!"

"दादा, वेग उतरव. अगदी हळू."

हणमंतने लिव्हर रेसभर, रेसभर मागे घेतला. चाक कण्हल्यासारखं फिरत थांबलं. पाळणा फलाटापासून अकरा मीटरवर, हवेत थांबला आणि मागेपुढे झुलू लागला. प्रत्येक झोक्याला वजनपेटीचा काटा थोडा थोडा खाली जाई आणि वर येई.

शिडी लागली. दोघे वर चढले. स्ट्रेचर ताडपत्रीत गुंडाळून दोरखंडाने खाली सोडायला सहा मिनिटं लागली आणि ती सहा मिनिटं त्या चौदा मिनिटांपेक्षा लांब होती. स्ट्रेचर जमिनीला लागलं, नर्स शिडीवरून उतरली, वर गेलेले दोघेही उतरले, आणि सगळे पाळण्याखालून दूर पळाले, तेव्हा कुठे हणमंतने लिव्हरवरचा हात काढला. बोटं वळून आखडली होती, सरळ होत नव्हती. वृषालीने ती एकेक करून उघडली.

"जा," ती म्हणाली. "वहिनीबरोबर जा."

राजश्री वाचली. प्लीहा काढावी लागली, सात बाटल्या रक्त लागलं, पण वाचली. गुरुवारी तंत्रज्ञांनी विंचने दोर उतरवला तेव्हा त्या तुकड्यातले बारापैकी पाच पेड तुटलेले होते. उरलेल्या सातांतला एक त्यांनी हातात धरून वाकवला. तो वाळक्या चिपाडासारखा कडकन मोडला.

सावरघळला आता पुढच्या वर्षापर्यंत पाळणा नव्हता. पावसाळ्यात पुन्हा लाँच, आणि पाणी हटलं की डोली. गावातले काही लोक तिला भेटायला आले, काहींनी तिच्याकडे पाठ फिरवली. हणमंतचा परवाना चौकशी होईपर्यंत काढून घेतला होता.

शनिवारी दुपारी तो रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसला. ती मांडीवर संगणक घेऊन अहवाल लिहीत होती.

"वाचून दाव," तो म्हणाला.

तिने वाचलं: स्वच्छतेसाठी अयोग्य द्रव्य वापरण्यात आल्याने रक्षक द्रव्य नष्ट झालं.

"वापरन्यात आल्यानं," हणमंत म्हणाला. "कुनी वापरलं?"

"दादा, त्याची गरज नाही. माहितीपुस्तिकेत नुसतं 'दोर स्वच्छ ठेवावा' एवढंच लिहिलंय. कशाने, ते कुणीच लिहिलेलं नाही. चूक त्यांची आहे."

"असंल त्यांची. पर किती पाण्यात किती पावडर, किती तास, हे त्यांना ठाव हाय का? मला हाय. त्ये लिहिलं न्हाईस तर बाकीच्यांना कसं कळनार, आपला दोर किती खाल्लाय त्ये? माझं नाव घाल. मी सांगतो, तू लिही."

तो सांगत गेला. पहिली दोन वर्षं एका कुंडाला दोन मूठ. तिसऱ्या वर्षी शेवाळ जास्त, म्हणून चार. साहेबांनी फोटो नेला तेव्हापासून सहा. तिने लिहिलं. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं, की यातून खरोखरच गणित मांडता येतं. आणि गणित मांडताच तिला साहेबांचा तो फोटो आठवला. फोटो काढून नेला होता. तो कुठे कुठे दाखवला असेल?

"बाकी एकतीस दोर," ती म्हणाली. "मंडळाचं पत्र सोमवारी निघेल. मग पोचायला..."

"त्यांच्या चालकांचे नंबर हाईत तुझ्याकडं?"

तिने यादी काढून दिली. त्याने चष्मा लावला, रुग्णालयातल्या एका नर्सकडून पेन मागून घेतलं आणि पहिला नंबर फिरवला. "नमस्कार. सावरघळहून हणमंत शेलार बोलतोय. मी बी पाळन्याचा चालकच. एक इचारायचं व्हतं. तुमी दोर कशानं धुता?"

पहिला पावसावरच सोडत होता. दुसरा नुसतं पाणी मारायचा. तिसऱ्याने फोन उचलला नाही. चौथा, पाचवा, सहावा ठीक. सातवा म्हणाला, साबणाने. आठव्याने ब्लीचिंग दोनदाच वापरलं होतं, तेही पातळ. हणमंतने त्याला ताबडतोब बंद करायला सांगितलं आणि नावापुढे वर्तुळ काढलं.

नवव्याने प्रश्न ऐकला आणि आनंदाने म्हणाला, "तुमचाच फोटो बघून कुंड केलं की आम्ही! ट्रेनिंगला दाखवला होता. तीन वर्षं झाली. दर रविवारी."

हणमंतने डोळे मिटले. "पाळना बंद हाय का आत्ता?"

"आत्ता? शनिवार हाय साहेब, गर्दी हाय. भरून निघालाय, मध्यावर असंल."

वृषालीने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. हणमंतच्या कपाळावर घाम फुटला होता, पण आवाज तसाच राहिला, सोमवारी लिव्हरवरचा हात राहिला होता तसा.

"घाबरू नगा. लिव्हर एकदम वडू नगा. थांबवू बी नगा. वेग निम्म्यावर आना, हळू. मी सांगतो तसं. फोन ठेवायचा न्हाई, कानालाच ऱ्हाऊ द्या. किती मीटर ऱ्हायले? बरं. आता वजनपेटीचा काटा बघा. हलतोय?"

पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला.

"हलू द्या," हणमंत म्हणाला. "तुमी हात हलवू नगा. मोजा माझ्यासंगं. एक. दोन."

नऊ मिनिटं तो मोजत होता. रुग्णालयात येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडे बघून पुढे जात होती. मग पलीकडून खूप माणसांचा एकदम गलका ऐकू आला, फलाटावर उतरणाऱ्या माणसांचा, त्यात एक लहान मूल कशासाठी तरी हट्ट करत रडत होतं.

"उतरले का सगळे?" हणमंतने विचारलं. "मोजा. परत मोजा."

त्याने उत्तर ऐकलं, फोन ठेवला, आणि कागदावर नवव्या नावापुढे वर्तुळ काढायला गेला. पेन कागदावर टेकेना. वृषालीने त्याचं मनगट धरलं. दोघांनी मिळून ते वर्तुळ काढलं, आणि हणमंतने दहावा नंबर लावला.